हीटर लागेपर्यंत

या, बसा. खुर्च्या आठवीच्या पोरांच्या मापाच्या आहेत,
गुडघे हनुवटीला लागले तर माझ्या नावाने बोटं मोडू नका.
कॉफी मागे आहे. दुपारचीच आहे.

मी मार्लिस ऑस्टबी. अख्ख्या केल्डरला ठाऊक आहे मी.
तुमच्यातल्या निम्म्यांना मीच रसायनशास्त्र शिकवलं,
काहींना नापासही केलं. तरी आलात, बरं वाटलं.

आधी मुलींशी बोलते.
बस पाच चाळीसला सुटते.
पाच एक्केचाळीसला तुम्हाला दिसतील ते तिचे मागचे दिवे.
उणे तीस असलं तरी. मोंटानात उणे तीस हे कारण नाही,
हवामान आहे.
फोन आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत.
जर्सी आपली आपण धुवायची. आईने नाही, आजीने नाही,
आणि ब्रिन, तुझ्या भावाने तर नाहीच नाही,
गेल्या वर्षी त्याने पांढरीची गुलाबी करून दिली.

नऊ जणी आहात. पाच खेळतील, चार बसतील.
बसणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे.
बेंचवरचे डोळे मला चेंडूमागे धावताना दिसले पाहिजेत.
हरलो, तर समोरच्या मुलीचा हात नीट हातात घ्यायचा,
मेलेला मासा दिल्यासारखा पुढे करायचा नाही.
जिंकलो तर...
जिंकलो तर बघू. त्याला अवकाश आहे.

आता तुम्ही.
माझ्या मुलीला चारच मिनिटं का, हे मला विचारायचं नाही.
ती विचारेल. तिला तोंड आहे,
घरी ते भरपूर चालतं, असं तुम्हीच सांगता.
अगदीच राहवलं नाही, तर मध्ये एक रात्र जाऊ द्या.
झोपेत पुष्कळ राग विरघळतो,
आणि द्रावणं हा माझा विषय आहे.

रेफरीवर ओरडायचं नाही.
ऑरिन अडुसष्टचा आहे.
पेट्रोलपुरत्या पैशांसाठी नव्वद मैल गाडी हाणत येतो,
आणि जानेवारीत घरातली भट्टी विझली
की रात्री दोन वाजता तुम्ही त्यालाच उठवता.
डावा डोळा अधू आहे त्याचा, मलाही माहीत आहे.
पण उद्या त्याने शिट्टी खाली ठेवली,
तर ती उचलायला या खोलीतलं कोण येतंय?

हं. पुढे जाऊ.

शेवटचं. हे कागदावर छापलेलं नाही.
मॅच संपली, गाडीत बसलात,
की हीटर लागेपर्यंत गप्प राहा.
हीटर लागल्यावरही.
भूक लागली का, एवढंच विचारा.

सोल्वेग नववीत होती.
शिनूकहून घरापर्यंत बेचाळीस मैल.
तिचे चार फ्री थ्रो चुकले होते.
मी एकेक उकरून काढला. कोपर, गुडघा, नजर.
मला दिसत होतं ना सगळं, काय करणार.
ती काचेवर श्वास सोडायची,
बोटाने त्यावर काहीतरी काढायची, पुसायची.
मला वाटलं, ऐकतेय.
धान्याच्या कोठारावरचा लाल दिवा दिसला तेव्हा म्हणाली,
"तू आत्ता कोच आहेस की आई?
कळलं तर बरं होईल,
म्हणजे मला रडायचं की नाही ते ठरवता येईल."

पुढच्या नोव्हेंबरात नावनोंदणीचा कागद
मीच लावला जिमच्या दाराला.
आठवडाभर रोज जाऊन वाचला.
आठ नावं होती.
आता ती सिअ‍ॅटलला लोकांचे दात बसवते.
दर रविवारी फोन करते. आम्ही हवेबद्दल बोलतो.
इकडे हवा पुष्कळ असते, बोलण्याइतकी.

तर. सही खाली, उजवीकडे.
पेन परत करा, शाळेचं आहे.
हो, रेलीनचे बाबा, बोला.
बस परत किती वाजता?
ते वाऱ्यावर आहे.
जेवण झाकून ठेवा.