जवारी

तिची पहिली रॅकेट मिरजेत माझ्या दुकानात आली
तेव्हा तीन तंबोऱ्यांचं पॉलिश वाळत होतं
आणि चौथ्याची जवारी मी घासत होतो.
आई दवाखान्याच्या लॅबमधून थेट आलेली,
हाताला स्पिरिटचा वास.
म्हणाली, कोल्हापूरला आठ दिवस लावतात,
तुम्ही तारा लावता ना?
बाई, म्हटलं, आम्ही सुराच्या तारा लावतो.
पोरगी नऊ वर्षांची. एका खुंटीला बोट लावून उभी.
म्हणाली, ही पण वाजते.

उभ्या सोळा, आडव्या एकोणीस.
टोच्या, दोन पकडी, गुडघ्यांत धरलेली चौकट.
पौंडाचा काटा माझ्याकडे नव्हता,
कानानं ओढत गेलो.
तळव्यावर आपटली: काळी एक, जरा वरच.
पुढं ओढली तर तुटेल, म्हणून थांबलो.

पुढचं पेपरात आलंय.
केतकी शेडबाळे. चौदा वर्षांखालील, अठरा वर्षांखालील, मग विमानं.
चारशे बारा, दोनशे नव्वद, एकशे त्र्याऐंशी.
दुधाच्या पिशवीवर तिचा फोटो आला,
बॅकहँड मारताना डोळे मिटलेले;
पिशवी कापताना आमची बायको
कात्री तिच्या तोंडापासून लांब धरायची.
रिक्षावाले सांगायचे, आमच्याच रिक्षातून जायची.
(सायकल होती तिची. हिरवी.)
सत्काराला फेटा एवढा मोठा
की भाषणभर एका हातानं धरून होती.
पंधरा, तीस, मग चाळीसच का,
असं एका नगरसेवकानं माईकवर विचारलं.
मलाही माहीत नाही, म्हणाली.
सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच.

एका रात्री पावणेदोनला फोन. मोनास्तिरहून.
चाचा, ऐका जरा.
रॅकेट फोनजवळ धरून तिनं तार छेडली.
मशीन बावन्न सांगतंय, मनगट नाही म्हणतंय.
मी भिंतीवरचा तंबोरा उतरवला, मांडीवर घेतला.
परत वाजव.
चढलीय, म्हटलं, अर्ध्या सुरानं. हात दुखतोय का?
ती बोलेचना.
मागं कुणी दुसरीच मुलगी
कुठल्याशा भाषेत हसत होती.
कुणाला सांगू नका, म्हणाली मग.
चार वर्षं नाही सांगितलं.
आता मुलाखतीत तिनंच सांगून टाकलंय, म्हणून.

ऑपरेशन झालं. पिशवीवर परत गाय आली.
क्रमांक सहाशेच्या पलीकडं गेला
तसं सहीसाठी मला गाठणारेही
चहा पिऊन निघून जायला लागले.

परवा आली, बाकावर बसली.
घोडीवर कानस फिरताना बघत होती, तासभर.
मनगटाशी वण, जुन्या तारेसारखा.
किती घासायचं, कसं कळतं?
बिघडवलेल्या घोड्यांचा डबा मी पुढं सरकवला.
तिनं तो उचकून बघितला, एकेक.

काल गेली. मंगळवारी पात्रता फेरी आहे.
दोन रॅकेट मशीनवरच्या, एक माझी.
आधी कुठली काढणार, विचारायचं राहिलं.