हात वर

आम्ही तेराजणी. म्हणजे बारा, आणि दुर्पता.
तेव्हा असं कोणी मोजत नव्हतं,
मी आता मोजते आहे.

दर महिन्याच्या पाच तारखेला
समाजमंदिराच्या सतरंजीवर गोल बसायचं,
शंभर-शंभर टाकायचे.
पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं, किल्ल्या तीन घरी,
म्हणजे कोणा एकीवर विश्वास ठेवायची
पाळी येऊ नये.
मी बारावी नापास, पण अक्षर बरं,
म्हणून रजिस्टर माझ्याकडे.

फागुनात आठशे रुपये कमी भरले.
तीनदा मोजले. पंख्याचा तेवढा आवाज.
मग पंचफुला, पेटीकडंच पाहत, म्हणाली,
"एक किल्ली तं पोडावरबी राह्यते."

बस, एवढंच.
नाव घेतलं नाही कोणी.
कळपात एका बकरीनं कान टवकारावे
आणि बाकीच्यांनी काही न पाहताच चरणं थांबवावं,
तशा आम्ही थांबलो.

ठराव झाला : किल्ली काढून घ्यावी.
पहिला हात कोणाचा, मी पाहिलं नाही.
दुसरा पाहिला.
खरा हात दुसराच असतो.
पहिला नुसता एका बाईचा असतो,
दुसऱ्यानं तो गटाचा होतो,
आणि सहाव्याला तर वजनच राहत नाही,
जांभईसारखा येतो.
माझ्या हातात पेन होता.
पेनासकट वर गेला.

दुर्पता टेकामनं पदराची गाठ सोडली,
किल्ली सतरंजीवर ठेवली.
"मोजून घ्या," म्हणाली. "एकच हाय."
आणि तुरीच्या खुंटांतून
पोडाच्या वाटेला लागली, अनवाणी.

चैतात हिशोब नव्या वहीत उतरवताना दिसलं :
एकोणीसशेच्या जागी अकराशे.
घाईत माझ्या नवाचा एक झाला होता.
कर्ज गोकुळा ठोंबरेचं.
तिनं तर एकोणीसशे मोजून घेतले होते.
तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी
फक्त नळाच्या पाण्याबद्दल बोलतो.

"सापडले पैसे," मी बैठकीत म्हटलं.
कुठं, हे कोणी विचारलं नाही.
विचारणं म्हणजे पुन्हा हात मोजणं.

आणि माफी?
गट म्हणून मागायची तर ठराव लागतो,
ठरावाला सूचक लागते, अनुमोदक लागते,
आणि सूचक होईल ती एकटी उघडी पडेल.
तेरा तोंडं असून
गटाला तोंड नसतं.

मग एकेकटी गेलो.
सिंधू आंबाडीची भाजी घेऊन,
पंचफुला पदराखाली अर्धी पायली जवस घेऊन,
मी दुपारच्या उन्हात, म्हणजे कोणी भेटणार नाही.
नाल्यापाशी मैना भेटली. हातात झाकलेला डबा.
"बकरी पाहाले आलती," ती म्हणाली.
"मीबी," मी म्हटलं.
माझ्याकडं बकरी नाही.

दुर्पतानं सगळ्यांचं ठेवून घेतलं.
भांडी घासून परत पाठवली,
प्रत्येकीची प्रत्येकीकडं, एकही चुकली नाही.

आखाडात ती परत आली, जुन्याच जागी बसली.
आम्ही चहा दोनदा केला. किल्ली दिली.
इतकं हसलो त्या दिवशी
की तिला बोलायला जागाच मिळाली नाही.

पोळा झाला, आणि वेणूचे हप्ते थकले. तीन.
घरी नवरा पडून, कंबर मोडलेली,
हे सगळ्यांना ठाऊक.
तरी कोणीतरी एक वाक्य बोललं, पेटीकडं पाहत.
गटातून काढायचं का?

पहिला हात यावेळी मी नीट पाहिला.
कोपरापर्यंत सरळ,
हिरव्या बांगड्या सरकून खाली आलेल्या,
जरासुद्धा थरथर नाही.
दुर्पताचा.
डोळे तिचे वेणूकडं नव्हते.
एकेक करून आमच्याकडं पाहत होती,
जसं कोणी पेटीतल्या नोटा मोजतं.

दुसरा हात कोणाचा होता
ते रजिस्टरात नाही.
रजिस्टर मी लिहिते.