शिल्लक

रुस्तावीतला पोलादाचा मोठा कारखाना थंडावला तेव्हा
नुगझारनं तिथून आणली खडूची एक डबी
आणि आपला कान.
पत्र्यावर बोटाचं पेर वाजवून तो सांगतो,
हा दोनचा, हा तीनचा,
आणि हा तीनचा म्हणून गळ्यात मारलेला अडीचचा.

आमच्या शेडमध्ये वाइनच्या टाक्या होतात.
ऑगस्टभर ठिणग्या, आर्गॉनची नळकांडी,
आणि काखेतीहून फोन:
द्राक्षं उतरायला आली, टाकी कुठंय?

मागच्या साली टाकी होती. झाकणही होतं.
खालचा व्हॉल्व्ह नव्हता.
म्हणजे नुगझारच्या वहीत होता, कपाटात नव्हता.
वाझानं तो परस्पर दुसऱ्याच कामाला लावला होता,
सांगीन म्हणाला, राहिलं.
चार दिवस गेले.
शेतकऱ्यानं एतेरीबाईंना एक शब्द ऐकवला नाही,
ट्रकमधून एक क्रेट उतरवून दारात ठेवलं.
चिलटं आठवडाभर हटली नाहीत.

म्हणून आता मी,
म्हणून हा पडदा.
काम उघडलं की सामान त्याच्या नावे बांधलं जातं,
बांधलेलं दुसऱ्याला मिळत नाही,
निघालं की वजा,
उरला तुकडा तर लांबीरुंदीसकट परत जमा.
कामाच्या क्रमांकाशिवाय वॉशरसुद्धा हलायचा नाही.
वाझा विचारतो, लिया, मुतायला जायचा क्रमांक कोणता?
शून्य, मी म्हणते.
हसतात. पण लिहितात.

तीन रविवार मोजत होते.
दोन मिलिमीटरचे पत्रे वहीत चौदा,
मांडणीत पंधरा.
पुन्हा मोजले. पंधराच.
कमी भरलं तर चोरी म्हणता येतं,
जास्तीला काय म्हणायचं?

पंधरावा भिंतीला लागून उभा, कांबळ्यात गुंडाळलेला,
कोपऱ्यावर खडूनं एकच अक्षर. झ.

झाझा नऊ वर्षं पोलंडात आहे, जहाजं जोडतो.
जाण्याआधी स्वतःच्या पैशानं घेतला होता हा पत्रा,
पहिली टाकी एकट्यानं करायची म्हणून.
तेव्हापासून दर मोजणीला
बाप एक कमी लिहीत आला.

मी टंकलं: राखीव.
पडद्यानं विचारलं, कोणत्या कामासाठी?
तारीख?
तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही.
मी नुगझारकडे बघितलं.
तो कांबळ्याची घडी सारखी करत होता.

मीही चौदाच लिहिले.

सप्टेंबरची बावीस, रात्रीचे दोन.
काम एकशे सदुसष्ट. तळ कापताना चुकला,
आणि पडदा म्हणाला, शिल्लक शून्य.
एतेरीबाई माझ्याकडे बघत होत्या, मी पडद्याकडे.
मागून कांबळं ओढल्याचा आवाज आला.
पत्रा मेजावर टाकून नुगझार म्हणाला, लिही.
आधी जमा करावा लागेल, मी म्हटलं.
मग जमा कर. मग वजा कर.
आणि लवकर कर, मुली, द्राक्षं निघालीत.

जमा एक. वजा एक.
मध्ये अकरा सेकंद
तो आमच्या हिशेबात होता.

सकाळी त्यानं फोन लावला, स्पीकरवर.
तुझा पत्रा गेला रे.
कुठं?
नुगझारनं मला खूण केली, मी वाचून दाखवलं:
एकशे सदुसष्ट, गुरजानी, दोन हजार लिटर, तळ.
पलीकडे क्रेनची घंटा वाजत राहिली.
मग झाझा म्हणाला, जोड कुणी मारला?
वाझानं.
मग गळणार.
दोघे हसले, विनोदाला झेपणार नाही इतका वेळ,
आणि चहा निवला.

चौकोनातून गोल काढला की चार कोपरे उरतात.
तीन भंगारात गेले, वजनासकट नोंद आहे.
पडदा रोज चौथा विचारतो.
मी रोज दाबते: नंतर.