सी सत्तेचाळीस

वेर्ण्याच्या पठारावर, तिसऱ्या पाळीत,
रात्री सव्वाबाराला पहिला उभा राहिला:
सी सत्तेचाळीस,
मोहरीएवढा कपॅसिटर,
एका टोकावर ताठ,
दुसरं टोक हवेत.

या दोषाला इंग्रजीत थडग्यावरच्या दगडाचं नाव आहे.
आमच्या लाइनवर ते कुणी उच्चारत नाही.
आम्ही म्हणतो, उभा.
किती उभे?
शंभरात अकरा.
दोन वाजता शंभरात एकोणीस.

पुण्याहून शिरगुप्पीकर साहेब फोनवर म्हणाले, प्रोफाइल बदल.
बदललं.
पेस्ट नवी हवी होती, पण फ्रीजमधून काढलेल्या डब्याला
चार तास हात लावायचा नसतो,
म्हणून शेजारच्या लाइनवरून उसनी आणली,
विरजण आणावं तशी.
स्टेन्सिल पुसली. नोझल बदलला. फीडर बदलला.
मशीनला दोन शिव्या दिल्या
ज्या मॅन्युअलमध्ये नाहीत.
सी सत्तेचाळीस उभाच.

कारण तसं सोपं असतं.
दोन्ही टोकांचं कथील एकाच क्षणी वितळायला हवं.
एकीकडचं आधी वितळलं की ते ओढून घेतं,
आणि उशीर झालेली बाजू
सुटून वर जाते.
हे मी आयटीआयमध्ये शिकलो,
आणि पुन्हा एकदा, मडगावात खोली घेतल्यावर,
शर्मिष्ठा साखळीलाच राहिली तेव्हा.
असो. ते या नोंदवहीत नको.

भट्टीच्या पडद्यावर दहाच्या दहा खाने हिरवे.
तिसरा खाना: एकशे ऐंशी.
हवं तेवढंच. एक अंशही इकडे तिकडे नाही.
मी बोर्डाला तारा चिकटवल्या, आत सोडला,
आलेख काढला,
आणि तिसऱ्या खान्यापाशी रेष
दमलेल्या माणसासारखी खाली बसलेली.

भिंगावरून डोळे न काढता पियेदाद म्हणाली,
"आयतारा सावन तो घुमना."

रविवारपासून घुमत नाही.
बावीस वर्षं ती याच खुर्चीत,
भट्टीकडे पाठ करून.
मी तिला विचारलंच नव्हतं.
मी पडद्याला विचारत होतो.

झाकण उघडलं, हातमोजे दोन-दोन घालून.
खालचा पंखा
तपकिरी राळेत रुतून बसलेला,
काजूच्या खोडावर डिंक धरतो तसा.
हीटर तापत होता, त्याला खेटून बसलेला सेन्सर
प्रामाणिकपणे एकशे ऐंशी सांगत होता
आपल्या बुडाखालचं.
हवा हलत नव्हती.
तांब्याचा मोठा पत्रा ज्या टोकाशी जोडलेला
ते टोक मागे पडत होतं, दर वेळी,
पाचेक सेकंदांनी.

पातं घेऊन खरवडत बसलो पावणेपाचपर्यंत.
वास ओळखीचा:
दशावतारात संकासुर यायच्या आधी
दिवटीवर उडवतात ती राळ.
नाकात तोच भपका, तोच ठसका.
मग बेअरिंग, मग तेल, मग बटण.
घुमला.
पियेदादने मान हलवली, एवढंच.

सहा वाजता सी सत्तेचाळीस आडवा.
पुढचा आडवा. पुढचे चाळीस आडवे.
कुटबणच्या ट्रॉलरवाल्यांना
पाण्याखालचे मासे दाखवणारी यंत्रं
आता वेळेवर जातील, बहुतेक.

मागे राहिले दोनशे बारा.
ते हातानेच करायचे: दोन्ही टोकांना
एकदम ऊष्णता, चिमट्याने हलकेच निजवायचं.
साखळीचा माझा मामा तांब्यांना डाग द्यायचा.
डाग म्हणजे सांधा, आणि डाग म्हणजे मळ,
शब्द एकच कसा, हे तो कधी सांगू शकला नाही.

पियेदादने पाळी संपल्यावरही सतरा निजवले.
मग उठली.
उद्या दोन तारीख, रजा हवी म्हणाली,
चर्चमागे बापाच्या थडग्याला चुना काढायचाय,
क्रूस एका बाजूला कललाय,
सरळ उभा करायला कुणीतरी लागेल.

मी येतो, म्हटलं.
आणि नोंदवहीत लिहिलं:
खाना तीन, पंखा. वाया वेळ पावणेसहा तास.
कुणाच्या लक्षात आलं, असा रकाना
त्या वहीत नाही.
समासात लिहिलं.