छप्पर असलेलं अक्षर

सत्तावीस एप्रिल. ल्युब्लियानात सुटी.
चौकात बँड कधीचा सूर जुळवतोय,
आणि शेजारची अल्बिना बाकावर बसून
बुटातला खडा काढतेय.

"इथून तार जायची," ती म्हणते,
"अख्ख्या शहराला काटेरी करगोटा."

तेव्हा ती नऊ वर्षांची.
दुधाच्या किटलीला दुहेरी तळ,
तळात शिशाचे खिळे,
कुणाच्या तरी तळघरातल्या छापखान्यासाठी.

नाक्यावरच्या इटालियन शिपायाने एकदा
किटली हलवली. खुळखुळली.
दुधाला कसला आलाय आवाज?
त्याने तळ उचकटला, एक पुडी सोडली.
सगळे 'झ'च.
आमचा 'झ', डोक्यावर इवलंसं छप्पर असलेला.
त्याच्या भाषेत हे अक्षरच नाही.
एक खिळा त्याने तळहातावर फिरवला, बराच वेळ.
पुडी खिशात टाकली
आणि मानेनेच म्हणाला, जा.

का, ते ऐंशी वर्षांत तिला कळलेलं नाही.
शाळेत बोलावतात, तिथं ती हे सांगत नाही.

त्या आठवड्याचं पत्रक 'झ'विना निघालं.
'झिव्ल्येन्ये', म्हणजे जगणं,
त्याच्या आरंभी नुसती मोकळी जागा.
घराघरांत पडदे ओढून
लोकांनी ती पेन्सिलीने भरली.
कुणी छप्पर विसरलं.
कुणी इतकं दाबून काढलं की कागद फाटला.

बँड थांबलाय. कुणीतरी भाषणाला उभं राहतंय.
अल्बिना पाय माझ्यापुढे करते:
"नाडी बांध. घट्ट नको.
तारेच्या वाटेनेच घरी जाऊ,
तिथं आता लिंबू-सरबत मिळतं."