दोन गुण

कागद आला: आता प्रमाणपत्र लागेल.
सिस्टर आग्नेलानं तो औषधांच्या कपाटावर चिकटवला
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं,
"सत्यवती, तुला नाडी मोजता येते?"

येते. मनगटावर दोन बोटं, अंगठा नाही.
अंगठ्याला स्वतःची नाडी असते, तो आपलंच ऐकवतो.
हे मला शिकवलं खाट क्रमांक सातनं,
एर्मेलिंद बाय, एके काळी मडगावात नर्स,
आता कमरेखाली काही नाही, वर सगळं तल्लख.

रात्रपाळीला ती उजळणी घेई.
"कूस?"
"दर दोन तासांनी."
"टाचेखाली?"
"काही नाही. उशी पोटरीखाली, टाच अधांतरी."
"दिसत नाही त्याला ताट?"
"घड्याळासारखं सांगायचं. सहावर भात, तीनवर हुमण."
"आणि काटा?"
"काटा पुस्तकात नाही, बाय."
"म्हणूनच विचारते."

कुडचड्याच्या केंद्रावर खाटेवर रबरी बाहुला.
माझे हात सवयीनं ओझ्याला तयार,
आणि तो उशीएवढा हलका, जवळजवळ उडालाच.
त्यानं माझा खांदा धरला नाही,
हळू गो म्हटलं नाही,
लाजून भिंतीकडे बघितलं नाही.
तपासनीस बाई हसल्या नाहीत.
यादीवर पेन टेकवून म्हणाल्या,
"काय करणार ते रुग्णाला आधी सांगितलं नाहीत. दोन गुण गेले."

बाहुल्याला काय सांगायचं?
तरी मी मागे फिरले, पडदा ओढला, वाकले.
"शाबा, तुमकां कुशीर करतां हां. म्हजे हात थंड आसात."
बाईंनी वर पाहिलं.
गुण परत दिले की नाही, कळलं नाही.
निकाल पंधरा दिवसांनी.

कुडतरीला पोचले तेव्हा जेवणाच्या थाळ्या उचलून झाल्या होत्या.
एर्मेलिंद बाय जागी.
पास की नापास, ते विचारलंच नाही तिनं.
"गुण कुठे गेले?"
मी सांगितलं.

ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
"मला इथं आणलं ना," मग म्हणाली,
"त्या दिवशी गाडीत बसवताना म्हणाले, मिसाला जाऊया.
मी मोत्यांची कुडी घातली होती."

पंखा कुरकुरत होता.
कॉरिडॉरमध्ये कुणीतरी पाणी मागितलं, आणि मिळालंही असावं.
"कूस बदल," ती म्हणाली. "दोन तास कधीच झाले."

मी तळवे चोळले, गरम होईपर्यंत.
सांगितलं.
मग हात घातला.