झाकली मूठ

खेतवाडीच्या अकराव्या गल्लीत
मी कवळ्या करतो. चाळीस वर्षं.
तोंडं उघडतात तिकडे, डॉक्टरांच्या खुर्चीत.
माझ्याकडे येतो नुसता ठसा
आणि चिठ्ठीवर आडनाव.

रात्री नऊनंतर त्याच टेबलावर
दुसरं दुकान:
विमानांच्या मुठी.
लढाऊ विमानांच्या. दांडीचा वरचा तुकडा,
काळा, बोटांसाठी खाचा पाडलेला,
उजव्या हाताची वाट बघणारा.

पहिली दारूखान्यात मिळाली, रऊफभाईंच्या वखारीत.
बोटींच्या भंगारात ती कशी आली
त्यांनाही ठाऊक नव्हतं.
"शॉवरची असेल," म्हणाले, आणि तराजूत टाकली,
पितळेचा भाव वेगळा लावून.

आता सतरा आहेत.
बायको विचारायची,
विमान कधी येणार?

काम तसं कवळीचंच.
बेकेलाइट घासलं की कार्बोलिकचा वास सुटतो,
जुन्या इस्पितळातल्या फरशीचा.
आत तारा, सुती वेष्टणाच्या,
उंदरांनी आधी तपासून गेलेल्या.
स्क्रूचा आटा असा
की अख्खी नागदेवी पालथी घातली, नाही.
शेवटी वालजी मिस्त्रींनी लेथवर काढून दिले.
पैसे घेतले नाहीत,
दाढेचं तेवढं बघा म्हणाले.
उडालेला टवका मी
कवळीच्याच अक्रिलिकने भरतो, काजळी मिसळून.
म्हणजे एका हंटरच्या करंगळीखाली
आता थोडी हिरडी आहे.

एकच जागा भरत नाही.
अंगठा टेकायचा तिथे
एक उथळ खळगा पडलेला असतो,
प्रत्येकीचा निराळा.
एकीचा डावीकडे कलता.
एकीचा इतका खोल
की हा माणूस सरळ उडतानासुद्धा
पकड सैल करत नसावा.
जीव मुठीत धरून, म्हणतो आपण,
तीन पायांच्या स्टुलावर बसून.

फेब्रुवारीत दीनामाय दुमासिया आल्या,
स्लेटर रोडवरून, टॅक्सीने,
खालची कवळी टोचते म्हणून.
डॉक्टर रजेवर, तर थेट माझ्याकडे, तीन जिने.
मी कड घासत होतो,
त्या बिनदातांच्या, टेबलाकडे बघत.
"ए शूं आहे?"
सांगितलं.
बराच वेळ काही नाही.
मग, "आमचा बेहराम.
अंबाल्याला होता.
ए नाय, पण अशीच असेल, नाय?"

उचलली त्यांनी. दोन्ही हातांनी,
गरम कप धरावा तशी.
अंगठा खळग्यापर्यंत पोचेना.
"आणि ए चाप?"

त्या चापाला दोन टप्पे.
पहिल्यावर कॅमेरा चालू,
आणखी दाबला की तोफा.
पहिला सहज सुटला होता.
दुसऱ्याने माझ्या अकरा रात्री खाल्ल्या;
स्प्रिंग अखेर बसवली
एका मोडक्या नकली जबड्यातली.

"फोटो काढायचा," मी म्हणालो.

त्यांनी दाबला. टक.
हसल्या, हिरड्यांनी.
"बेहरामला फोटोचा फार शोक."
आणि बोट तसंच ठेवून
आणखी दाबला.

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
सुरू होत नव्हती.

मी कवळी पुढे केली. घालून बघा.
त्यांनी घातली, दात आवळले,
डावीकडे, उजवीकडे.
"बसली."
पैसे विचारले.
नुसती कड घासली, त्याचे काय घ्यायचे, म्हटलं.
दारापर्यंत गेल्या, कठडा धरला.
"तो दुसरा स्प्रिंग," म्हणाल्या,
पाठ माझ्याकडेच,
"तो काढी टाक."

अजून काढलेली नाही.
ठेवायला एक डबी मात्र
धुऊन, पुसून
शोधून ठेवली आहे.